निर्जन बेट कोणाचे? – वेंगुर्ला रॉक्सचा भूगोल आणि तेथील जीवसृष्टी

आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवर उभे राहिले की पश्चिमेला तिवरांचा हिरवा पट्टा, त्यापलीकडे खाडीचे पाणी आणि पैलतीरावर गोराईच्या पॅगोड्याचा सोनेरी कळस दिसतो. येथे राहून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात हे दृश्य कायमचे कोरलेले आहे. मात्र हे दृश्य पाहताना आपण स्वतः एका बेटावर उभे आहोत, याची आठवण फार थोड्यांना होते. चारकोप, कांदिवली, बोरिवली, अंधेरी ही सर्व उपनगरे साष्टी बेटावर वसलेली आहेत. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी, दक्षिणेला माहीमची खाडी आणि पश्चिमेला अरबी समुद्र अशी या बेटाची चतुःसीमा आहे. १८४५ साली माहीमचा बंधारा वाहतुकीला खुला झाला. पुढे रेल्वे आली, पूल झाले, भराव पडले आणि बेटाचे बेटपण आपल्या नजरेआड गेले.

काही वर्षांपूर्वी भूगोलाच्या तासाला बेटांचा धडा चालू असताना आठवीतील एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला, “सर, ज्या बेटावर माणूसच राहत नाही, ते बेट कोणाचे?” वर्गात हशा पिकला. कोणी म्हणाले सरकारचे, कोणी म्हणाले जो आधी पोहोचेल त्याचे. आम्हा शिक्षकांनाही समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे सिंधुदुर्गाच्या अभ्याससहलीत निवतीच्या किनाऱ्यावरून समुद्रात उभे असलेले काळे खडक आणि त्यांवरील दीपगृह आम्ही सर्वांनी पाहिले, तेव्हा तो प्रश्न पुन्हा निघाला. त्या खडकांविषयी नंतर जे वाचले आणि जाणकारांकडून समजून घेतले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

बेटे कशी तयार होतात?

जन्माच्या दृष्टीने बेटांचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार ज्वालामुखीच्या बेटांचा. समुद्रतळातून वर आलेला लाव्हा थरावर थर साचून पाण्याबाहेर डोकावतो आणि बेट तयार होते. अंदमान समुद्रातील बॅरन हे बेट असेच जन्मले असून तेथील ज्वालामुखी आजही जागृत आहे. दुसरा प्रकार प्रवाळ बेटांचा. प्रवाळ नावाचे सूक्ष्म जीव आपल्या शरीराभोवती चुन्याचे कवच तयार करतात. पिढ्यानपिढ्यांच्या या कवचांचा ढीग साचतो, त्यावर वाळू जमते आणि सखल बेट निर्माण होते. लक्षद्वीपची बेटे या प्रकारची आहेत.

तिसरा प्रकार खंडीय बेटांचा. अशी बेटे मुळात मुख्य भूमीचाच भाग असतात. मध्ये पाणी शिरल्यामुळे ती वेगळी पडतात. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, पृथ्वीवरील पाण्याचा फार मोठा साठा बर्फाच्या रूपात अडकून पडला होता. त्यामुळे समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. कोकणचा किनारा तेव्हा आजच्या किनाऱ्यापासून बराच पश्चिमेला होता आणि आज जेथे मासेमारीच्या होड्या फिरतात तेथे जमीन होती. पुढे बर्फ वितळले, पाणी चढत गेले, दऱ्या बुडाल्या आणि उंच टेकड्यांचे माथे तेवढे पाण्यावर राहिले. वेंगुर्ला रॉक्स हे असेच बुडालेल्या भूमीचे माथे होत.

स्थान आणि स्वरूप

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले बंदरापासून वायव्येस सुमारे १५ किलोमीटर अंतरावर हा खडकसमूह आहे. उत्तर-दक्षिण सुमारे पाच किलोमीटरांच्या पट्ट्यात लहानमोठे खडक विखुरलेले असून त्यांतील मोजकेच बेट म्हणावे एवढे मोठे आहेत. इंग्रजांच्या नकाशांत त्यांना ‘बर्न्ट आयलंड्स’, म्हणजे जळकी बेटे, असे नाव आढळते. पक्षी-अभ्यासकांच्या नोंदींत ‘बंदारा’ असेही नाव येते. निवतीच्या बाजूने पाहणारे त्यांना ‘निवती रॉक’ या नावाने ओळखतात. जुन्या काळापासून येथील दीपगृह जहाजांना सावध करीत आले आहे, कारण भरसमुद्रात उभे असलेले हे खडक रात्री जहाजांचा घात करू शकतात.

येथे मानवी वस्ती नाही आणि ती असणे कठीणच आहे. गोड्या पाण्याचा झरा नाही. नांगर टाकून होडी सुरक्षित ठेवता येईल असा आडोसा नाही. वाळूचा किनारा जवळजवळ नाही. खडक थेट पाण्यातून वर उठतात आणि लाटा त्यांच्या पायथ्यावर सतत आपटत असतात. समोरच्या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक सगळा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. खडकावर पडलेले पाणी मात्र टिकत नाही. ते लगेच समुद्रात वाहून जाते. फटींत साचलेल्या थोड्याशा मातीत पावसाळ्यात गवत आणि खुरटी झुडपे उगवतात व उन्हाळ्यात वाळून जातात. वर तापलेला कातळ आणि हवेत खारे तुषार अशी येथील परिस्थिती असते.

अशा जागेला आपण सहज ओसाड म्हणतो. प्रत्यक्षात पाण्याच्या पातळीपासून खडकाच्या माथ्यापर्यंत येथे जीवनाचे मजले आहेत. पाण्याखालच्या खडकांना शेवाळ, स्पंज आणि प्रवाळ धरून असतात आणि त्यांच्या आश्रयाला मासे येतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कालवे, शिंपले आणि खेकडे असतात. ओहोटीच्या वेळी कोरडे पडणे आणि भरतीच्या वेळी लाटांचा मारा सोसणे, हे दोन्ही त्यांना दररोज दोनदा करावे लागते. आसपासच्या समुद्रात डॉल्फिन आढळतात. उत्तरेला थोड्या अंतरावर असलेले मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, ते याच किनाऱ्याच्या सागरी समृद्धीमुळे. खडकाच्या वरच्या भागावर मात्र राज्य आहे ते पक्ष्यांचे.

गुहेतील पाकोळी

या बेटांची खरी ख्याती आहे ती एका चिमुकल्या पक्ष्यामुळे. भारतीय पाकोळी हा जेमतेम बारा सेंटिमीटर लांबीचा काळपट तपकिरी पक्षी पश्चिम घाट, त्यालगतचा किनारा आणि श्रीलंका एवढ्याच प्रदेशात आढळतो. वेंगुर्ला रॉक्सवरील गुहेत त्याची मोठी वसाहत आहे.

पाकोळीचे पाय अतिशय आखूड असतात. तिला फांदीवर बसता येत नाही किंवा जमिनीवर चालता येत नाही. केवळ उभ्या कातळाला नखांनी लटकून राहता येते. त्यामुळे तिचे सारे आयुष्य हवेत जाते. उडता उडताच ती कीटक पकडते आणि त्यासाठी बेटावरून रोज मुख्य भूमीपर्यंत जाते. डास, उडत्या मुंग्या, पिकांवरचे बारीक किडे हे तिचे खाद्य आहे. म्हणजे वेंगुर्ल्याच्या शेतकऱ्याच्या भातावर आणि आंब्याच्या मोहोरावर फिरणारे कितीतरी कीटक या निर्जन बेटावरचा पक्षी टिपून नेतो. बेटाचा आणि किनाऱ्यावरील माणसाचा हा संबंध सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

गुहेच्या गडद अंधारात ती वाट कशी शोधते, याचे उत्तर वटवाघळाची आठवण करून देणारे आहे. पाकोळी तोंडाने ‘टिक् टिक्’ असा आवाज करते आणि भिंतीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंतर ओळखते. वटवाघळाचा आवाज आपल्या कानांना बहुधा ऐकू येत नाही, पाकोळीचा मात्र स्पष्ट ऐकू येतो. पक्ष्यांमध्ये ही शक्ती फारच थोड्या जातींना लाभलेली आहे.

घरट्याची कथा याहून विलक्षण आहे. जमिनीवरून काड्या उचलण्याची सोय नसल्यामुळे पाकोळी स्वतःच्या लाळेचे घरटे बांधते. विणीच्या काळात तिच्या लाळग्रंथी मोठ्या होतात. चिकट लाळेचे धागे ती कातळावर एकावर एक लावीत जाते, हवेत ते वाळून घट्ट होतात आणि तळहातावर मावेल अशी अर्ध्या वाटीच्या आकाराची कड तयार होते. भारतीय पाकोळी या लाळेत शेवाळ आणि पिसे मिसळते. या कामाला अनेक आठवडे लागतात. त्या वाटीत दोन पांढरी अंडी घातली जातात.

घरट्याची किंमत

हेच घरटे पाकोळीच्या जिवावर उठले. चीन आणि आग्नेय आशियात पाकोळीच्या घरट्याचे सूप हे शतकानुशतके प्रतिष्ठेचे आणि औषधी खाद्य मानले जाते. अंदमानातील पाकोळीची शुद्ध पांढरी घरटी सर्वाधिक महाग. कोकणातील घरट्यांत शेवाळ व पिसे असल्यामुळे त्यांना तितका भाव नाही, तरीही तस्करांनी वेंगुर्ल्याची गुहा सोडली नाही. घरटे तोडले की अंडी आणि पिल्ले समुद्रात किंवा खडकावर पडतात. पक्षी पुन्हा बांधणी सुरू करतो, परंतु शरीरातील शक्ती आधीच खर्च झालेली असते. दुसरे घरटे दुबळे होते आणि तोवर पावसाळा दाराशी येतो. वर्षामागून वर्षे असे होत राहिले, तर एकही पक्षी न मारता संपूर्ण वसाहत नष्ट होऊ शकते.

आपल्याकडील वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ हा कायदा शिकारीची व्याख्या करताना केवळ प्राणी मारण्यापुरता थांबत नाही. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची किंवा घरट्यांची नासधूस करणे वा त्यांना त्रास देणे यालाही तो शिकारच म्हणतो. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने वेंगुर्ल्याच्या पाकोळीच्या संरक्षणासाठी काम केले आणि या चोरट्या व्यापाराकडे लक्ष वेधले. ही तीच संस्था, जिने वेळासच्या किनाऱ्यावर गावकऱ्यांना सोबत घेऊन सागरी कासवांची अंडी राखली.

अंदमानातील अनुभवही येथे सांगण्यासारखा आहे. पक्षितज्ज्ञ डॉ. रवी शंकरन यांनी तेथील शेकडो गुहा पाहिल्या, तेव्हा पाकोळ्यांची संख्या झपाट्याने घटत असल्याचे त्यांना आढळले. १९९९ च्या सुमारास त्यांनी गुहांवर पहाऱ्याची योजना वनविभागाच्या सहकार्याने सुरू केली. पहारेकरी म्हणून निवडली गेली ती पूर्वी घरटी तोडणारी माणसे. गुहा, वाटा आणि पक्ष्यांच्या सवयी यांचे त्यांच्याएवढे ज्ञान कोणालाच नव्हते. त्याच ज्ञानाचा उपयोग आता राखण्यासाठी झाला आणि राखलेल्या गुहांत पाकोळ्या वाढू लागल्या. चुकलेल्या माणसाला बाजूला न टाकता त्याच्या हाती जबाबदारी दिली तर काय घडते, हे आम्हा शिक्षकांनाही त्यातून शिकता आले.

सुरयांचे माहेर

पाकोळीखालोखाल या खडकांवर महत्त्व आहे ते सुरय पक्ष्यांचे. लांब टोकदार पंख, दुभंगलेली शेपटी आणि पाण्यावरून झेपावत मासा टिपण्याची लकब यांवरून सुरय ओळखता येतो. तपकिरी पंखांचा सुरय वर्षाचा बराच काळ खुल्या समुद्रावर घालवतो. जमिनीशी त्याचा संबंध येतो तो मुख्यतः विणीपुरता. खडकाच्या कपारीत किंवा झुडपाच्या आडोशाला मादी एकच अंडे घालते. मोठा तुरेवाला सुरय उघड्या कातळावर दाटीवाटीने वसाहत करतो.

समुद्रपक्षी अशी निर्जन बेटे का निवडतात? कारण तेथे मांजर नाही, कुत्रा नाही, मुंगूस नाही, साप आणि उंदीर नाहीत. झाडाच्या उंचीचे संरक्षण नसताना जमिनीवर अंडे घालणे अशाच ठिकाणी परवडते. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडावर विणीची धांदल चालते. पुढे दर्या खवळतो. १ जून ते ३१ जुलै हा कोकणात मासेमारीबंदीचा काळ. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत सहसा कोणी या खडकांच्या वाटेला जात नाही. माणसाला जो काळ गैरसोयीचा, तोच पिल्लांना अभय देणारा ठरतो.

हे सुरय आपल्याला अगदीच परके नाहीत. पावसाळी वादळात वाट चुकलेले, थकलेले सुरय कधी कधी मुंबईच्या किनाऱ्यावरही सापडतात. असा पक्षी दिसल्यास त्याला हाताळत बसू नये आणि पाण्यात भिरकावू तर मुळीच नये. छिद्रे असलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सावलीत ठेवून वनविभागाला किंवा पक्षीमित्रांना कळवावे, ही विनंती.

वेंगुर्ला रॉक्सवरील पक्ष्यांची नोंद बरीच जुनी आहे. ॲलन ह्यूम हे नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेच्या संदर्भात शिकतो. ते मोठे पक्षितज्ज्ञही होते. १८७५ साली लक्षद्वीपच्या सफरीत ते या खडकांवर आले, तेव्हा सुरयांचे असंख्य वाळलेले मृतदेह त्यांना येथे दिसले. पुढे मुंबईचे पक्षी-अभ्यासक हुमायून अब्दुलअली यांनी येथे येऊन सुरय व पाकोळ्यांचा अभ्यास केला आणि १९४२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. सुमारे चाळीस वर्षांनंतर, १९८३ मध्ये, त्यांनी त्याच विषयावर पुन्हा लिहिले. एकाच जागेकडे इतक्या दीर्घ काळ लक्ष ठेवणारी माणसे असल्यामुळेच तेथे काय टिकले आणि काय हरवले, हे आज आपण विचारू शकतो. आज हे बेट पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या क्षेत्रांच्या यादीत समाविष्ट आहे.

पाऊल ठेवण्याआधी

निवतीच्या किनाऱ्यावर उभे असताना आमच्या विद्यार्थ्यांनी बेटावर जाण्याचा हट्ट धरला होता. आम्ही गेलो नाही. पहिले कारण सुरक्षिततेचे होते. दुसरे कारण आम्हाला नंतर अधिक स्पष्टपणे समजले. विणीच्या काळात माणूस वसाहतीजवळ गेला की सारे पक्षी एकदम उडतात. उघड्या पडलेल्या अंड्यांना कडक ऊन थोड्या वेळातच मारक ठरते. कावळे व घारी संधी साधतात. फोटो काढणाऱ्याने एकाही अंड्याला हात लावलेला नसतो, तरीही त्याच्या पंधरा मिनिटांची किंमत एक पिढी मोजते.

माणसाच्या सोबत येणारी संकटे याहून मोठी असतात. जगभर अनेक बेटांवर जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी समुद्रपक्ष्यांची अंडी व पिल्ले फस्त केली आहेत. प्रशांत महासागरातील पालमायरा या प्रवाळ बेटावरून २०११ साली मोठ्या मोहिमेद्वारे उंदीर नाहीसे करण्यात आले, तेव्हा तेथील निसर्ग पुन्हा सावरू लागला. एक उंदीर उतरायला एक फेरी पुरते. तो काढायला अनेक वर्षे आणि प्रचंड पैसा लागतो. कोकणात पर्यटन वाढत आहे आणि त्यातून गावकऱ्यांना रोजगार मिळतो, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु होडीतून दुरून पाहणे आणि खडकावर उतरून उरलेसुरले खाद्यपदार्थ व प्लास्टिक टाकून येणे, यांतला फरक आपण पर्यटक म्हणून जपला पाहिजे.

आपल्या दारातील बेटे

१९६७ साली रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन या दोन शास्त्रज्ञांनी बेटांविषयी एक सिद्धान्त मांडला. बेट जितके लहान आणि मुख्य भूमीपासून जितके दूर, तितक्या कमी जाती तेथे टिकतात. एखादी जात नाहीशी झाली तर तिची जागा भरून निघणेही तितकेच अवघड. हा सिद्धान्त पुढे समुद्राबाहेरही लागू पडत असल्याचे दिसून आले. चारही बाजूंनी शेतांनी किंवा वस्तीने वेढलेले जंगल हेही एक बेटच असते.

आपल्यापासून काही किलोमीटरवर असलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असे बेट आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत आणि बिबटेही आहेत. सभोवती समुद्राऐवजी इमारती आहेत. चारकोपचा तिवरांचा पट्टाही तसाच. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साह्याने म्हाडाने येथे वसाहत उभी केली, अल्प उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांना हक्काची जागा मिळाली आणि आपल्या अनेक पालकांचे संसार येथेच उभे राहिले. त्या वस्तीची आणि खाडीची सीमा म्हणजे ही तिवरे. ती भरतीचा जोर अडवतात, मासे व खेकड्यांच्या पिल्लांना आसरा देतात आणि हिवाळ्यात येणाऱ्या पाणपक्ष्यांना थारा देतात. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील तिवरतोडीवर बंदी घालणारा आदेश दिला. तरीही कोठे राडारोडा पडतो, कोठे भराव होतो. असा प्रकार दिसल्यास नोंद करून संबंधित विभागाला कळवणे आपल्या हातात आहे. वेंगुर्ल्याला आपण क्वचित जाऊ. गच्चीवर मात्र रोज जातो.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. कागदोपत्री बेट शासनाचे असेल. परंतु ज्या पाकोळीने स्वतःच्या लाळेने तेथे घर बांधले, ज्या सुरयाला सबंध समुद्रात अंडे ठेवण्यासाठी तेवढीच कोरडी जागा उरली, त्यांचा हक्क कोणत्याही सातबाऱ्यावर नोंदलेला नाही. तो मानायचा की नाही हे आपल्यावर सोपवलेले आहे. न दिलेले घेऊ नये, हे शील आपण वंदनेत नित्य म्हणतो. पाकोळीचे घरटे आपल्याला कोणी दिलेले नाही, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

तो विद्यार्थी आज मोठा झाला आहे आणि कदाचित ही स्मरणिका त्याच्याही हाती पडेल. उत्तर द्यायला आम्हाला उशीर झाला, याबद्दल त्याने राग मानू नये.